घर कोठे घ्यावे, हे ठरवतो कोण?

मुंबईत नोकरी करणाऱ्या कुटुंबात घर घेण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न घराविषयीचा नसतो, गाडीविषयीचा असतो. जलद लोकल तेथे थांबते का? त्या स्थानकातून सुटणारी एखादी गाडी आहे, की मागून भरून येणाऱ्या गाडीतच घुसावे लागणार? घर पूर्वेला की पश्चिमेला? स्थानकापर्यंत चालत जाता येईल, की शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहावे लागेल? नवऱ्याची कचेरी अंधेरीला आणि बायकोची शाळा ठाण्याला असेल तर दोघांपैकी हाल कोणी सोसायचे? या हिशेबात मुंबईकर इतका पारंगत झाला आहे की डोंबिवली, बदलापूर, वसई, विरार, पनवेल ही नावे त्याला गावांची वाटतच नाहीत. ती त्याला ‘सव्वा तास’, ‘दीड तास’, ‘दोन तास’ अशीच ऐकू येतात. बांधकाम व्यावसायिकांनीही हीच भाषा उचलली आहे. ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ असे जाहिरातीत छापलेले असते. ती पाच मिनिटे पहाटे चार वाजता, रिकाम्या रस्त्यावरून, मोटारीने मोजलेली होती हे गिऱ्हाइकाला घराचा ताबा मिळाल्यावर कळते.

या साऱ्या खटाटोपाला ‘निवड’ म्हणण्याची रीत पडली आहे. चतुर माणूस योग्य उपनगर निवडतो आणि सुखी होतो, भोळा माणूस चुकीचे निवडतो आणि दारात लटकतो, असा या शब्दाचा गर्भितार्थ. वस्तुतः जमिनीचा भाव एकाने ठरवलेला असतो, गाडीचे वेळापत्रक दुसऱ्याने, आणि कचेरी वा कारखाना कोठे थाटायचा हे तिसऱ्याने. या तिघांचे ठरून झाल्यावर जे उरते त्याला निवड म्हणणे म्हणजे कामगार आपली मजुरी निवडतो असे म्हणण्यासारखे आहे. निवड होते ती दोन गैरसोयींमध्ये. जवळ राहायचे तर दहा बाय बाराच्या खोलीत चौघांनी राहायचे आणि अकरा महिन्यांचा करार संपला की पुन्हा दलालाच्या दारात उभे राहायचे. दूर राहायचे तर आयुष्याचे रोजचे चार तास रुळांवर टाकायचे.

ही तुटपुंजी निवडही सर्वांना सारखी नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील हजारो मुसलमान कुटुंबे मुंब्र्याला गेली ती तेथे जलद गाड्या थांबतात म्हणून नव्हे. आडनाव ऐकून दलित भाडेकरूला ‘घर आताच दिले’ असे सांगणारी, आणि मांसाहार हे निमित्त पुढे करून कोकणी माणसालाही दारातून परत पाठवणारी गृहनिर्माण मंडळे मुंबईत आहेत. त्यांच्यापुढे गाडीचे वेळापत्रक पाठ असून काय उपयोग?

परिस्थिती नेहमीच अशी नव्हती, हे आज पन्नाशीच्या आत असलेल्या कार्यकर्त्यांना मुद्दाम सांगावे लागते. लालबाग, परळ, वरळी, शिवडी, भायखळा या पट्ट्यातील गिरणी कामगार कामावर चालत जात असे. भोंगा झाला की चाळीतून निघायचे आणि पाळी सुटली की पायीच परतायचे. गिरणगावातल्या त्या खोल्या काही स्वर्ग नव्हत्या. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा-दहा माणसे, सामाईक संडास आणि नळावरची भांडणे हेच तिथले जिणे होते. तरीही पाळी संपल्यावरचा वेळ कामगाराचा होता. त्या वेळातून व्यायामशाळा उभ्या राहिल्या, भजनी मंडळे आणि कामगार रंगभूमी उभी राहिली, खानावळी चालल्या आणि युनियनच्या सभाही भरल्या. पाळी सुटल्यावर एका तासाच्या आत गेटसभा होऊ शकत असे, कारण सभेला येणारा माणूस त्याच गल्लीत राहत होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाचे काय झाले हे येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले ते मात्र सांगितले पाहिजे, कारण आजच्या बदलापूर-विरारच्या गर्दीचा उगम त्यात आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीची स्थूलमानाने तीन वाट्यांत विभागणी सांगितली होती: एक वाटा महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी आणि एक मालकाकडे. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी पूर्ण जमिनीची न राहता केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते तरी किती? लोकांचा आणि घरांचा वाटा त्यामुळे आक्रसून गेला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. आज लोअर परळला त्याच जमिनीवर काचेचे मनोरे उभे आहेत. ज्यांचे वडील तेथे साचे चालवीत, त्यांपैकी कित्येकांची मुले त्याच मनोऱ्यांत पहारेकरी, सफाई कामगार किंवा संगणकावरचे कारकून म्हणून येतात. फरक इतकाच की वडील चालत येत आणि मुलगा नालासोपाऱ्याहून येतो.

जनगणनेचे आकडे हीच गोष्ट कोरडेपणाने सांगतात. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली. त्याच दशकात ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांवर पोहोचून देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर वेगळा करावा लागला. माणसे दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि पूर्वेकडे ढकलली गेली, कामे मात्र बरीचशी दक्षिणेत आणि मध्यभागीच राहिली. या दोहोंना जोडण्याचे काम आले रेल्वेवर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी कुर्ल्यापर्यंत पहिली विजेची गाडी गेली. तीच रेल्वे आज रोज सुमारे ७५ लाख प्रवाशांना वाहून नेते. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात. रेल्वेच्या परिभाषेत याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे भारदस्त नाव आहे. गुरांच्या वाहतुकीला या देशात जागेचे नियम आहेत. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयालाही लोकलच्या प्रवाशांची अवस्था पाहून गुरांचीच उपमा सुचली.

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर एकमेकींशेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी एकमेकांवर घासले जाऊन खाली पडले. चौघे त्याच दिवशी गेले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेच्या त्याच गाड्या तितक्याच भरून निघाल्या. या मार्गांवर २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत रूळ ओलांडताना मेलेले सर्वाधिक आणि त्याखालोखाल गाडीतून पडलेले. इतकी माणसे दरवर्षी एखाद्या कारखान्यात मेली असती तर तो कारखाना बंद करावा लागला असता. येथे मात्र ‘दारात कशाला उभे राहतात?’ असा प्रश्न विचारला जातो आणि तो विचारणारा बहुधा मोटारीतून फिरणारा असतो. दारात उभा असलेला माणूस हौसेने उभा नसतो. नऊ पस्तीसला मस्टरवर सही झाली नाही तर लेट मार्क लागतो, तीन लेट मार्कांचा अर्धा दिवस कापला जातो, आणि पुढची गाडीही अशीच भरून येणार हे त्याला ठाऊक असते.

हा प्रश्न पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोणाच्या ध्यानातच आला नव्हता असे नाही. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. केवळ घरे पलीकडे न्यावीत असे ती कल्पना सांगत नव्हती. कामे पलीकडे जावीत, राज्य सरकारने स्वतःचे कारभाराचे केंद्र पलीकडे नेऊन त्याची सुरुवात करावी, हा तिचा गाभा होता. सरकार गेले नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून नव्या कचेऱ्यांना जागा करून देण्यात आली. शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन पलीकडे घरे उभी राहिली, आणि त्या घरांतील माणसे पुलावरून अलीकडे कामाला येऊ लागली. मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू व्हायला १९९२ साल उजाडले. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल झाले तेही वांदे आणि कुर्ला या दोन्ही स्थानकांपासून इतके दूर की गाडीतून उतरलेल्या माणसाची दुसरी परीक्षा रिक्षाच्या रांगेत सुरू होते. कामाची जागा ठरवताना तेथे येणारा माणूस कोठे राहतो याचा विचार नियोजनकारांनी आणि मालकांनी केला नाही. राहण्याची जागा ठरवताना मात्र कामगाराने कामाच्या जागेखेरीज दुसरा विचार करू नये, अशी व्यवस्था झाली.

आता वेळेचा हिशेब करावा. जाऊन-येऊन चार तास आणि वर्षाला कामाचे २८० दिवस धरले तर ११२० तास होतात. म्हणजे आठ तासांच्या १४० पाळ्या. बदलापूर, विरार वा टिटवाळ्याहून येणारा कामगार वर्षाकाठी १४० पाळ्या बिनपगारी भरतो, आणि वर रेल्वेला पासाचे पैसे देतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. आठ तासांच्या दिवसासाठी जगभरच्या कामगारांनी रक्त सांडले. त्या लढ्यांनी मिळवलेले तास गाजावाजा न होता परत घेतले गेले आहेत. कायद्याने ते कोणी हिरावले नाहीत. जमिनीच्या भावाने हिरावले. म्हणून त्याविरुद्ध संप झाला नाही, मोर्चा निघाला नाही. प्रत्येकाने आपापल्या नशिबाला बोल लावला.

स्त्रियांच्या बाबतीत हा हिशेब आणखी वाईट आहे. पहाटे साडेचारला उठून डबे भरायचे, मुलाला पाळणाघरात किंवा सासूबाईंकडे सोपवायचे, सहा-सात तास झोपलेल्या माणसासारखा चेहरा करून मस्टरवर सही करायची आणि संध्याकाळी महिलांच्या डब्यात बसायला मिळाले तर मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडायची किंवा गवारीच्या शेंगा मोडायच्या. या दृश्याचे कौतुक करणारे लेख वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात; मुंबईच्या स्त्रीची जिद्द म्हणून ते वाचले जातात. गाडीत भाजी निवडावी लागते याचा अर्थ घरी त्यासाठी वेळ उरलेला नाही, एवढाच आहे. लग्नानंतर किंवा मूल झाल्यावर कितीतरी स्त्रिया दूरची चांगली नोकरी सोडून घराजवळची कमी पगाराची पत्करतात. शिक्षण आणि अनुभव असूनही डोंबिवलीतल्या एखाद्या शिकवणी वर्गात किंवा दुकानात त्या रोजगार शोधतात. तीही ‘निवड’च मानली जाते. ती पगारातली कपात आहे, आणि ती प्रवासाने केली आहे, हे नोंदवायला कोणत्याही पगारपत्रकात रकाना नाही.

प्रवास हा कामाचाच भाग आहे, हे म्हणणे अतिरेकी वाटत असेल त्याने कायदा काय म्हणतो ते पाहावे. कामगार राज्य विमा कायद्यात २०१० साली एक कलम घालण्यात आले. घर आणि कामाची जागा यांच्या दरम्यान कामावर जाता-येताना झालेला अपघात, त्याचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर, नोकरीच्या ओघात झालेला अपघात मानावा असे ते कलम सांगते. महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ साली पहाटेच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि वाटेत अपघातात मरण पावला. त्याच्या कुटुंबाच्या नुकसानभरपाईचा निकाल सर्वोच्च न्यायालयात जुलै २०२५ मध्ये लागला, आणि भरपाईच्या जुन्या कायद्यालाही हेच तत्त्व लागू आहे असे न्यायालयाने सांगितले. बावीस वर्षे लागली, पण तत्त्व मान्य झाले. ज्या श्रमसंहितांना कामगार संघटनांचा विरोध आहे आणि ज्या नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आणल्या गेल्या, त्यांतील सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व आलेले आहे. म्हणजे रुळांवर मेलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने कामावर मेला. मग तोच माणूस जिवंतपणी त्याच रुळांवरून रोज चार तास जातो तेव्हा तो कोणाचे काम करीत असतो? मृत्यूला लागू असलेले तत्त्व वेळेला लागू का नसावे, हा प्रश्न कामगार चळवळीने अद्याप पुरेशा जोराने विचारलेला नाही.

मग या वेळेचा आणि वाहतुकीचा खर्च कोण देतो? १ एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर येथे घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कावर मेट्रोसाठी एक टक्का अधिभार आहे. बदलापूर-विरारच्या पट्ट्यात कर्ज काढून घर घेणारा आधी जमिनीचा फुगलेला भाव देतो, मग अधिभार देतो, मग पासाचे पैसे देतो आणि शेवटी वेळ देतो. ज्याच्या कचेरीत तो वेळेवर हजर होतो तो मालक, या वाहतुकीमुळेच ज्याला स्वस्त मजूर मिळतात तो मालक, या कामी एक छदामही वेगळा देत नाही.

सार्वजनिक पैसा जातो कोठे, तेही पाहण्यासारखे आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे उद्घाटन झाले. लांबी सुमारे २२ किलोमीटर, खर्च सुमारे १७ हजार ८०० कोटी रुपये. मोटारीला एका फेरीचा पथकर २५० रुपये, दुचाकी आणि रिक्षा यांना मज्जाव. त्याच दिवशी उरणपर्यंतची लोकलही सुरू झाली. या मार्गाचा विचार १९९० च्या दशकापासून चालला होता. सेतू हजारो छायाचित्रांत झळकला. उरणच्या लोकलच्या वाट्याला मोजक्या फेऱ्या आल्या. दोन महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, सुमारे १४ हजार कोटींच्या सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. तेथेही दुचाकीला बंदी. आणि बेस्ट? १९४७ साली महापालिकेच्या मालकीची झालेली, एकेकाळी चार हजारांहून अधिक गाड्या रस्त्यावर आणणारी ही सेवा २०२५ पर्यंत तीन हजारांच्या खाली आली, त्यांतही स्वतःच्या गाड्या थोड्या आणि कंत्राटदारांच्या अधिक. मे २०२५ मध्ये तिचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये करण्यात आले. समुद्रात रस्ता बांधायला पैसा आहे, स्थानकापासून कारखान्यापर्यंत बस चालवायला नाही.

१९७७ ते १९७९ या काळात मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. लांब पल्ल्याच्या दुसऱ्या वर्गातील लाकडी बाकांवर त्यांनी गादी घातली आणि वर्गविरहित गीतांजली एक्सप्रेस सुरू केली. सुधारणा लहान होती, दृष्टी मोठी होती: रेल्वेने आधी सर्वांत गर्दीच्या डब्याकडे पाहायचे. मुंबईत २५ डिसेंबर २०१७ पासून वातानुकूलित लोकल सुरू झाल्या. त्यांना विरोध असण्याचे कारण नाही. घामाघूम होऊन जाणे हा कष्टकऱ्याचा धर्म नव्हे. पण गर्दीच्या वेळेची साधी गाडी काढून तिच्या जागी कितीतरी पट भाड्याची गाडी आणली, तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूर येथील प्रवासी रस्त्यावर, खरे तर रुळांवर उतरले आणि मध्य रेल्वेला अशा दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्या प्रवाशांनी कोणाचे पुस्तक वाचलेले नव्हते. एका गाडीच्या जागेत दोन वर्ग मावत नाहीत, हे त्यांना फलाटावर उभ्या उभ्या कळले होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीरपणे घेण्याजोगा आहे. दूर गेल्यामुळे माणसाला स्वतःच्या मालकीचे घर मिळाले, चाळीतल्या मुलाला अभ्यासाला वेगळी खोली मिळाली, हे खोटे आहे काय? खोटे नाही. डोंबिवलीसारख्या गावाने केवळ रात्रीच्या मुक्कामाला आलेल्या माणसांतून नाट्यसंस्था, वाचनालये, व्याख्यानमाला उभ्या केल्या. शनिवार-रविवारच्या उरलेल्या वेळात इतके करणाऱ्या माणसांची थट्टा करणे हा शहरी अहंगंड होय. पण त्या घराची जी किंमत दिली गेली ती किंमत योग्य होती असे त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय सर्वांनाच डोंबिवली मिळाली नाही. जे त्याहून गरीब होते ते शिळफाट्याला गेले, जेथे ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ जण मेले; ते नालासोपाऱ्याला गेले, जेथे २०२५ च्या आरंभी ४१ बेकायदा इमारती पाडल्या गेल्या आणि घरांसाठी पैसे मोजलेली कुटुंबे रस्त्यावर आली. बांधणारे आणि डोळेझाक करणारे त्या दिवशी आपापल्या घरीच होते.

आणि २०२० साली काय झाले ते विसरता येत नाही. मार्चच्या अखेरीस लोकल बंद झाल्या. जूनमध्ये त्या केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या. सर्वसामान्यांना, तेही ठरावीक वेळांतच, १ फेब्रुवारी २०२१ पासून परवानगी मिळाली. गाडी गृहीत धरून ज्यांनी विरार वा कल्याण ‘निवडले’ होते, त्या दुकानांतील नोकरांना आणि खासगी कचेऱ्यांतील शिपायांना दहा महिने एस.टी.च्या रांगांत उभे राहून जाताना तीन आणि येताना तीन तास मोजावे लागले. घरून काम करण्याची सोय ज्यांना होती ते बहुधा जवळच राहत होते.

उपाय नाहीत असे नाही. फ्रान्समध्ये १९७१ साली पॅरिस प्रदेशासाठी एक कर बसवण्यात आला. ठरावीक संख्येहून अधिक नोकर असलेल्या मालकाने, दिलेल्या एकूण पगाराच्या काही टक्के रक्कम सार्वजनिक वाहतुकीसाठी द्यायची. दोन वर्षांनी तो इतर मोठ्या शहरांनाही लागू करता येऊ लागला आणि आजही तो चालू आहे. शिवाय कामगाराच्या मासिक पासाची निम्मी रक्कम मालकाने भरून द्यावी, असाही तेथे नियम आहे. फ्रान्स हा काही समाजवादी देश नाही. तेथील मालकवर्गही हा कर भरून देशोधडीला लागलेला नाही. आणि परदेशाचेच उदाहरण कशाला? १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरात कमावणाऱ्याने खेड्यातील बेकाराच्या कामासाठी दरमहा काही रक्कम द्यावी, हे तत्त्व या राज्याने तेव्हा स्वीकारले आणि ते निभावून दाखवले. पगारदार माणसावर असा भार टाकता येतो, तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बँकांवर आणि लोअर परळच्या मनोऱ्यांतल्या कंपन्यांवर का टाकता येऊ नये? घरखरेदीवरचा अधिभार काढून तो मालकाच्या पगारपत्रकावर बसवावा, ही मागणी साधी आहे आणि हिशेबाला धरून आहे. २०२३ साली मध्य रेल्वेने शहरातील कचेऱ्यांना पत्रे लिहून कामाच्या वेळा मागेपुढे करण्याची विनंती केली. विनंतीवर कोणाचे चालते? प्रत्येक मालकाने गर्दीच्या तासाला माणूस बोलावण्याची किंमत मोजावी लागली तर घड्याळे आपोआप सरकतील.

दुसरी बाजू जमिनीची. नागरी कमाल जमीनधारणा कायदा १९७६ साली आला तेव्हा त्यातून फारसे काही निघणार नाही असे म्हणणारे पुष्कळ होते. मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे त्याच कायद्याच्या आधारे न्यायालयात आणि रस्त्यावर वर्षानुवर्षे झगडून गोरेगावला दिंडोशी येथे जमीन मिळवली आणि सुमारे सहा हजार कुटुंबांना घरे दिली. नफ्यासाठी नव्हे तर राहण्यासाठी बांधलेली घरे, आणि तीही मुंबईच्या हद्दीत. हे करता येते याचा तो पुरावा होता. २००७ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राने तो कायदाच रद्द केला. जमीन बाजारात येईल आणि घरे स्वस्त होतील असे तेव्हा सांगण्यात आले. घरे किती स्वस्त झाली ते विरारच्या सकाळच्या फलाटावर जाऊन विचारावे.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवे. उपनगरांतील प्रवासी संघटना हे या प्रश्नावर आपसूक संघटित झालेले श्रमिक आहेत. २ जानेवारी २०१५ रोजी दिव्याला रेल रोको झाला. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस तेथे जलद गाडीचा थांबा मिळाला. पण या संघटनांची झेप बहुतेक वेळा आपल्या स्थानकापुरती राहते. विरारकराला आपल्या गाडीत बोरिवलीकर नको असतो, बदलापूरकराला कल्याणकर नको असतो. डब्यात त्यावरून हाणामारीपर्यंत मजल जाते. दिव्याला थांबा मिळाला की तीच गाडी पुढच्या स्थानकातील प्रवाशांना आणखी भरलेली मिळते. या भांडणात मालक कोठेच नसतो, जमीनमालक तर मुळीच नसतो. या माणसांना एकत्र आणणारे व्यासपीठ कामगार संघटनांचे असायला हवे होते. मात्र संघटनांच्या मागणीपत्रांत महागाई भत्ता असतो, बोनस असतो, उपाहारगृह असते. प्रवासाचा वेळ नसतो. अजूनही गेटसभा पाळी सुटल्यावर ठेवली जाते आणि सभासद येत नाहीत म्हणून पुढारी खंत करतात. त्याची सहा बाराची गाडी चुकली तर पुढची बसण्याजोगी गाडी नाही, हे त्यांच्या गावीही नसते.

या प्रश्नाची ताजी कसोटी गिरणी कामगारांच्याच घरांची आहे. दीड लाखांहून अधिक कामगार आणि वारस घरासाठी अर्ज करून बसले आहेत. त्यांतील अनेकजण सत्तरी ओलांडलेले, अनेकजण गेलेले. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने त्यांच्यासाठी शेलू आणि वांगणी येथे घरे बांधण्याचे योजिले. ही दोन्ही गावे बदलापूरच्याही पलीकडे, कर्जतच्या वाटेवर आहेत. घर नाकारणाऱ्याचा दावा संपुष्टात येईल अशा अर्थाच्या कलमामुळे संतापात भर पडली आणि ९ जुलै २०२५ रोजी कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले. शेलू-वांगणीला विरोध असलेल्या संघटनांची मागणी एकच होती: मुंबईच्या जमिनीवर ज्यांनी संपत्ती निर्माण केली त्यांना मुंबईत जागा द्या. ज्या शहरात गिरणीची जमीन व्यापारी संकुलांना देता येते, धारावीची शेकडो एकर जमीन एका उद्योगसमूहाच्या योजनेत घालता येते, त्या शहरात गिरणी कामगारासाठी जमीन शिल्लक नाही हे उत्तर टिकणारे नाही. त्या सभेला आलेल्यांपैकी बरेचजण ज्या गाड्यांनी आले त्या कल्याण, बदलापूर आणि विरारहून सुटलेल्या होत्या, आणि संध्याकाळच्या गर्दीआधी परत निघणे त्यांना भाग होते.